दुर्मिळ वस्तू, जीवसंग्रह खेळांतील

काल्पनिक जीव शोधणे, पकडणे, त्यांचे संवर्धन करणे, त्यांच्या झुंजी लावणे आणि त्यांचा संग्रह पूर्ण करणे हे ज्या व्हिडिओ गेमचे मुख्य उद्दिष्ट असते, त्यास जीवसंग्रह खेळ म्हणता येईल. जीवांबरोबरच अशा खेळांत अनेक प्रकारच्या वस्तूही असतात. त्यांपैकी काही दुकानात विकत मिळतात, काही संपूर्ण खेळात एकदाच लाभतात, तर काहींसाठी तासन्‌तास शोध घ्यावा लागतो. या शेवटच्या दोन वर्गांतील वस्तूंना दुर्मिळ वस्तू असे सामान्यतः म्हटले जाते. निसर्गातील दुर्मिळता भूस्तर, हवामान किंवा जीवांची संख्या यांवर अवलंबून असते. खेळातील दुर्मिळता मात्र रचनाकाराने आखलेली असते. तिच्यामागे निश्चित नियम व निश्चित आकडे असतात. त्यामुळे येथील शोध हा दैवापेक्षा नियमांच्या ज्ञानाचा विषय ठरतो. या खेळप्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जपानमधील पोकेमॉन ही खेळमाला होय.

पूर्वपीठिका : पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी (१९६५– ) यांचे बालपण टोकिओच्या परिसरातील माचिदा या गावी गेले. तेथील ओढे व झाडी यांतून कीटक गोळा करण्याचा त्यांना छंद होता, आणि या छंदातूनच आपल्याला खेळाची कल्पना सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. खेळाच्या निर्मितीशी एका दुर्मिळ वस्तूचाही संबंध आहे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्रॅगन क्वेस्ट २ या खेळात ‘अद्‌भुत टोपी’ अशा अर्थाच्या नावाची एक वस्तू क्वचितच मिळत असे. ताजिरी यांना ती खूप प्रयत्न करूनही मिळेना; त्यांचे सहकारी चित्रकार केन सुगिमोरी यांच्याकडे मात्र तशा दोन टोप्या जमल्या होत्या. त्यांपैकी एक आपल्याला घेता आली असती तर, हा विचार ताजिरी यांच्या मनात राहिला. पुढे निन्टेंडो कंपनीच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रास दुसरे यंत्र तारेने जोडण्याची सोय झाली, तेव्हा या विचारास मूर्त रूप देणे शक्य झाले. ताजिरी यांच्या गेम फ्रीक या संस्थेने तयार केलेले पोकेमॉनचे लाल व हिरवा हे पहिले दोन खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये विक्रीस आले. त्यांत १५१ जातींचे जीव होते. परंतु कोणत्याही एका खेळात सर्व जाती सापडत नसल्याने अदलाबदल केल्याखेरीज संग्रह पूर्ण होत नसे. म्हणजेच दुर्मिळतेची योजना खेळाडूला दुसऱ्या खेळाडूकडे नेण्यासाठी केलेली होती.

वस्तू मिळण्याचे मार्ग : या खेळांतील दुर्मिळ वस्तू मुख्यतः चार मार्गांनी मिळतात.

(१) ठरावीक देणगी : कथानकाच्या विशिष्ट टप्प्यावर एखादे पात्र वस्तू देते. कोणताही रानटी जीव हमखास पकडणारा ‘मास्टर बॉल’ पहिल्या खेळांत सिल्फ कंपनीच्या अध्यक्षाकडून एकदाच मिळतो. येथे शोधापेक्षा वापराचा निर्णय अवघड असतो.

(२) गुप्त वस्तू : काही वस्तू भूमीवर असूनही पडद्यावर दिसत नाहीत. योग्य जागेकडे तोंड करून कळ दाबल्यास त्या हाती येतात. त्यांच्या शोधासाठी ‘आयटमफाइंडर’ हे साधन पहिल्या खेळांपासून आहे. ३० जातींचे जीव पकडलेल्या खेळाडूलाच ते त्या खेळांत दिले जाते. आसपास काहीतरी आहे एवढेच ते सांगते. नेमकी जागा खेळाडूने शोधावयाची असते. पुढील आवृत्त्यांत ते दिशाही दाखवू लागले.

(३) जीवांनी बाळगलेल्या वस्तू : १९९९ मध्ये आलेल्या गोल्ड व सिल्व्हर या खेळांपासून रानटी जीवांजवळही वस्तू असू लागल्या. जीव पकडल्यास त्याच्याजवळील वस्तू मिळते; त्यास केवळ हरविल्यास ती सामान्यतः हातची जाते. जीवाजवळ वस्तू आहे किंवा नाही, हे त्यास पाहून कळत नाही.

(४) बाहेरून वाटलेल्या वस्तू : विशेष समारंभांत किंवा संगणकजालाद्वारे मर्यादित काळापुरत्या काही वस्तू वाटल्या जातात. त्या सामान्य खेळातून मिळत नाहीत.

यांपैकी तिसऱ्या मार्गाने मिळणाऱ्या वस्तूंमध्ये शोधाची खरी कसोटी लागते. उदा., हॉर्सी या जलचर जीवाजवळ क्वचित ‘ड्रॅगन स्केल’ नावाचा खवला असतो. हॉर्सीपासून विकसित होणाऱ्या सीड्रा या जीवाला तो देऊन त्याची अदलाबदल केली म्हणजे त्याचे किंग्ड्रा या बलवान जीवात रूपांतर होते. अशा प्रकारे वस्तू एकट्याने शोधावयाची, पण तिचे फळ मिळण्यासाठी जोडीदार हवा, अशी ही रचना आहे.

संभाव्यतेचे गणित : २००२ मधील रूबी व सॅफायर या खेळांपासून रानटी जीवाजवळ त्याची सामान्य वस्तू असण्याची संभाव्यता ५० टक्के आणि दुर्मिळ वस्तू असण्याची संभाव्यता ५ टक्के ठेवलेली आढळते. ५ टक्के म्हणजे विसांत एक. म्हणून २० जीव पकडले की वस्तू मिळालीच पाहिजे, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. २० भेटींत निदान एक वस्तू मिळण्याची संभाव्यता सु. ६४ टक्केच असते. शंभर खेळाडूंपैकी सु. ३६ जण एवढ्या प्रयत्नांनंतरही रिकाम्या हाताने राहतात. १४ भेटींत ही संभाव्यता निम्म्याच्या किंचित वर जाते, ती ९० टक्क्यांवर नेण्यासाठी ४५ भेटी लागतात, आणि १०० भेटींनंतरही हजारांतील सु. सहा खेळाडू निराशच असतात.

याचे कारण असे, की प्रत्येक भेट ही स्वतंत्र घटना असते. मागील अपयशांची नोंद खेळ ठेवीत नाही. त्यामुळे ‘इतक्या वेळा हुकले, आता मिळणारच’ हा तर्क निराधार ठरतो. चाळीस भेटी वाया गेल्यानंतरच्या एकेचाळिसाव्या भेटीतही संभाव्यता ५ टक्केच असते. नाणेफेक किंवा सोडत यांबाबत लोकांच्या मनात असलेला हाच गैरसमज येथे अधिक स्पष्टपणे दिसून येतो.

ज्या जीवाजवळ वस्तू आहे तो जीवच विरळ असेल, तर दोन संभाव्यतांचा गुणाकार होतो. एखादा जीव शंभरांतील पाच भेटींत दिसत असेल व त्याच्याजवळ वस्तू असण्याची संभाव्यता ५ टक्के असेल, तर प्रत्येक भेटीत यश मिळण्याची संभाव्यता चारशेत एक एवढी उतरते. यशाची संभाव्यता निम्म्यावर नेण्यासाठी २७७ भेटी व ९० टक्क्यांवर नेण्यासाठी ९२० भेटी लागतात. एका भेटीस अर्धा मिनिट धरल्यास ९२० भेटींना सात तास चाळीस मिनिटे होतात. खेळात दुर्मिळ वस्तूची किंमत वेळाच्या रूपाने चुकवावी लागते, ती अशी.

शोधाच्या पद्धती : अनुभवी खेळाडू भेटींची संख्या वाढविण्याऐवजी प्रत्येक भेटीतील संभाव्यता वाढवितो. त्यासाठी खेळातच साधने आहेत. बटरफ्री या फुलपाखरासारख्या जीवाच्या अंगी ‘कंपाउंड आइज’ म्हणजे संयुक्त नेत्र हा गुण असतो. २००४ मधील एमरल्ड या खेळापासून असा जीव चमूच्या अग्रभागी ठेवल्यास रानटी जीवाजवळ सामान्य वस्तू असण्याची संभाव्यता ५० वरून ६० टक्के व दुर्मिळ वस्तू असण्याची ५ वरून २० टक्के होते. या एका बदलाने वरील उदाहरणातील ९२० भेटींचे काम २३० भेटींत होते. पावणेआठ तासांच्या जागी जेमतेम दोन तास लागतात. कीटकांच्या डोळ्यांचा हा गुण वस्तुशोधास जोडणे ताजिरी यांच्या मूळ छंदाशी सुसंगतच म्हणावे लागेल.

‘रिपेल’ हे औषध वापरल्यास अग्रभागीच्या जीवापेक्षा खालच्या पातळीचे रानटी जीव समोर येत नाहीत. परिणामी नको असलेल्या भेटी टळतात. ‘थीफ’ ही चाल वापरणाऱ्या जीवाजवळ स्वतःची वस्तू नसेल, तर तो प्रतिस्पर्ध्याची वस्तू हिरावून घेतो; त्यामुळे प्रत्येक जीव पकडण्याचे श्रम वाचतात. २००६ मधील डायमंड व पर्ल या खेळांपासून आलेला ‘फ्रिस्क’ हा गुण समोरच्या जीवाजवळील वस्तू उघड करतो. रूबी व सॅफायर या खेळांपासून ‘पिकअप’ हा गुण असलेला जीव लढाईनंतर १० टक्के वेळा आपोआप एखादी वस्तू उचलून आणतो. ही सर्व साधने एकत्र वापरण्यात शोधकाचे कौशल्य दिसते.

यदृच्छेचे यंत्र : संगणकातील यदृच्छा ही खरी यदृच्छा नसते. रूबी ते एमरल्ड या पिढीतील खेळ मागील संख्येस १,१०,३५,१५,२४५ ने गुणतात, तीत २४,६९१ मिळवितात आणि बेरजेस ४,२९,४९,६७,२९६ ने भागून उरलेली बाकी पुढील संख्या म्हणून घेतात. हा क्रम सेकंदाला सु. ६० वेळा पुढे सरकतो. आरंभीची संख्या माहीत असल्यास पुढील सर्व संख्या काढता येतात. एमरल्डमध्ये खेळ सुरू करताना ही संख्या प्रत्येक वेळी शून्यच असल्याचे जाणकारांनी शोधून काढले. त्यामुळे योग्य क्षणी कळ दाबून इष्ट जीव मिळविणे शक्य झाले. अशा खेळाडूसाठी दुर्मिळता उरत नाही. उरतो तो केवळ क्षण साधण्याचा सराव.

अफवा व दोष : नियम उघड नसले, की त्यांची जागा अफवा घेतात. पहिल्या खेळांतील व्हर्मिलियन शहराच्या बंदराजवळ एक मालमोटार उभी दिसते. तिच्याखाली म्यू हा अतिदुर्मिळ जीव दडला आहे, अशी वदंता जगभरच्या मुलांत पसरली होती. वस्तुतः तेथे काहीच नव्हते. २००४ मध्ये निघालेल्या फायररेड व लीफग्रीन या नव्या आवृत्त्यांत मात्र रचनाकारांनी त्या मालमोटारीजवळ ‘लाव्हा कुकी’ हे खाद्य ठेवून दिले. निराधार शोधाला मिळालेले हे उशिराचे पारितोषिक होते.

याउलट, १९९८ मध्ये अमेरिकेत आलेल्या रेड व ब्ल्यू या आवृत्त्यांतील एक दोष खराच होता. सिनाबार बेटाच्या किनाऱ्यावर विशिष्ट क्रमाने कृती केल्यास ‘मिसिंगनो’ नावाचा सदोष जीव प्रकट होई आणि खेळाडूच्या पिशवीतील सहाव्या क्रमांकाच्या वस्तूची संख्या १२८ ने वाढे. एकमेव असलेला मास्टर बॉल या रीतीने शेकड्याने मिळू लागला. जी वस्तू जपून वापरावी की न वापरावी, याचा विचार पूर्वी तासभर चाले, तिचे मोल त्यामुळे एका क्षणात नाहीसे झाले.

रचनाकारांनी स्वतःहून दुर्मिळता काढून घेतल्याचीही उदाहरणे आहेत. जीवाला लढाईतून मिळणारा अनुभव दीडपट करणारे ‘लकी एग’ पूर्वी चॅन्सी या विरळ जीवाजवळ क्वचित सापडे. २०१० मधील ब्लॅक व व्हाइट या खेळांत ते कथानकाच्या ओघात प्रत्येक खेळाडूस मिळते. दुसऱ्या टोकाला ‘अझूर फ्लूट’ ही बासरी आहे. डायमंड व पर्ल या खेळांच्या आज्ञावलीत ती असूनही त्या खेळांसाठी तिचे अधिकृत वाटप कधीच झाले नाही. २०२२ मधील लेजंड्स : आर्सिअस या खेळात ती खेळाडूंना प्रत्यक्ष मिळू लागली. संगणकजालाद्वारे वाटलेल्या वस्तूंना काळाची आणखी एक मर्यादा असते. निन्टेंडोची जुनी वाय-फाय सेवा २० मे २०१४ रोजी बंद झाली आणि त्या पिढीतील खेळांसाठी हा मार्ग अधिकृतपणे संपला.

मोल आणि मर्यादा : वरील सर्व शोधांत खेळाडू आपला वेळ खर्च करतो. खेळ एकदा विकत घेतल्यानंतर प्रत्येक नव्या प्रयत्नासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. भ्रमणध्वनीवरील अनेक संग्रहखेळांत ही स्थिती बदलली. त्यांत प्रत्येक सोडतीस पैसे भरून यदृच्छेने वस्तू किंवा जीव मिळविण्याची पद्धत रूढ झाली. जपानमध्ये तिला ‘गाचा’ म्हणतात. सोडतीतून ठरावीक संच पूर्ण करणाऱ्यास मोठे बक्षीस देण्याचा प्रकार तेथील ग्राहकविषयक शासकीय संस्थेने मे २०१२ मध्ये बक्षिसांसंबंधीच्या कायद्याचा भंग ठरविला. चीनने २०१७ पासून अशा सोडतींतील संभाव्यता जाहीर करणे बंधनकारक केले, तर बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडावयाच्या यदृच्छ पेट्यांचा अंतर्भाव जुगारात केला.

या निर्णयांमागील तत्त्व दुर्मिळ वस्तूंच्या गणितातूनच स्पष्ट होते. पाच टक्के संभाव्यतेच्या वस्तूसाठी शंभर भेटी घालवूनही रिकाम्या हाताने राहणाऱ्या खेळाडूचे नुकसान एखाद्या सायंकाळपुरते असते. प्रत्येक भेटीस पैसे मोजावे लागत असल्यास तेच अपयश कर्जाचे कारण होऊ शकते. त्यातही काही खेळाडू अल्पवयीन असतात, आणि ‘आता मिळणारच’ हा भ्रम त्यांनाही होऊ शकतो. म्हणून शोधास लागण्यापूर्वी वस्तू कोणत्या मार्गाने मिळते, तिची संभाव्यता किती, ती वाढविण्याचे साधन कोणते आणि किंमत वेळाची आहे की पैशाची, हे चार प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. त्यांची उत्तरे मिळाली, की दुर्मिळ वस्तूचे गूढ बरेचसे उलगडते. पुष्कळ शोधानंतर ती हाती येण्यातला आनंद मात्र त्यामुळे कमी होत नाही.