विक्रमाच्या वस्तूचे मोल

खेळातला विक्रम घडून गेल्यावर त्याची नोंद धावफलकात राहते आणि ती कोणालाही फुकट वाचता येते. परंतु ज्या चेंडूने तो बळी गेला, ज्या बॅटीतून ती धाव निघाली किंवा जे तिकीट दाखवून प्रेक्षक त्या दिवशी मैदानात शिरला, ती वस्तू मोजक्याच जणांच्या हाती असते आणि म्हणूनच तिला किंमत येते. पहिला सामना, शंभरावी कसोटी, तीनशेवा बळी अशा एखाद्या टप्प्याशी जोडलेल्या या वस्तूंना स्मृतिवस्तू म्हणतात. त्या जमवण्याचा छंद जुनाच आहे, पण त्यांचे मोल ठरवणे हा मात्र गेल्या काही दशकांत स्वतंत्र व्यवसाय होऊन बसला असून त्याची घडण मुख्यतः अमेरिकेत, बेसबॉलभोवती झाली.

याचे एक कारण त्या खेळाच्या रूढीत आहे. बेसबॉलमध्ये होमरन, म्हणजे आपल्या षटकाराशी नाते सांगणारा मैदानापार टोला, प्रेक्षकांत जाऊन पडला की चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा होतो, त्यामुळे विक्रमाची सर्वांत महत्त्वाची वस्तू थेट बाजारात येऊ शकते. मार्क मॅग्वायरने १९९८ च्या हंगामात मारलेल्या सत्तराव्या होमरनचा चेंडू पुढच्याच वर्षी तीस लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. परंतु २००१ मध्ये बॅरी बॉन्ड्सने ७३ चा आकडा गाठून तो विक्रम मोडला, आणि बॉन्ड्सचा तो चेंडू, दोन प्रेक्षकांमधली मालकीची कोर्टबाजी मिटल्यानंतर, २००३ मध्ये केवळ साडेचार लाख डॉलरला विकला गेला. मोठ्या विक्रमाची वस्तू स्वस्त का ठरली, याची उत्तरे अनेक आहेत: उत्तेजकांचा वाद, बाजाराची ओसरलेली लाट, आणि विक्रम तीनच वर्षांत मोडतो हे खरेदीदारांना नुकतेच उमगलेले असणे. याउलट, एकाच हंगामात पन्नास होमरन आणि पन्नास चोरलेले बेस, म्हणजे टोला न लागताच धावून गाठलेले पुढचे टप्पे, असा दुहेरी पल्ला गाठणारा शोहेई ओहतानी हा पहिला खेळाडू, आणि २०२४ मध्ये त्याच्या पन्नासाव्या होमरनचा चेंडू सुमारे ४३ लाख ९२ हजार डॉलरला गेला. सर्वाधिक असणे हे उसने असते, पहिले असणे कोणी काढून घेऊ शकत नाही, हा भेद मूल्यमापनात फार खोलवर जातो.

क्रिकेटमध्ये प्रेक्षकांत गेलेला चेंडू मुकाट परत फेकायचा असतो. बॅट खेळाडूकडे राहते, चेंडू पंचांकडे किंवा पंचांना विचारून गोलंदाजाकडे जातो, आणि यष्टी उपटून नेण्याची जुनी हौस दिव्यांच्या महागड्या यष्ट्या आल्यापासून आवरती घ्यावी लागली आहे. सामान्य माणसाच्या वाट्याला उरतो तो कागद: तिकीट, सामन्याची पुस्तिका, वर्तमानपत्र, स्वाक्षरीची वही. या कागदाला कमी लेखण्याचे कारण नाही, आणि ते नागपूरच्या धरमपेठेसारख्या वस्तीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचित कोठे दिसेल. सिव्हिल लाइन्समधले विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे जुने मैदान येथून दोन-तीन किलोमीटरवर आहे. १९६९ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध तेथे पहिली कसोटी झाली, आणि २००८ पासून कसोट्या वर्धा रोडवरच्या जामठ्याला होऊ लागल्या, तोवर शहराच्या या पश्चिम भागातली घरे तिकिटे आणि पुस्तिका साठवतच होती.

मार्च २००६ मध्ये जुन्या मैदानावर भारत-इंग्लंड कसोटी झाली. त्या सामन्यात अॅलिस्टर कुक नावाच्या एकवीस वर्षांच्या डावखुऱ्या सलामीवीराने पदार्पणात ६० आणि नाबाद १०४ धावा केल्या, तर माँटी पनेसर या तितक्याच नवख्या फिरकी गोलंदाजाने कसोटीतला आपला पहिला बळी घेतला, आणि तो बळी होता सचिन तेंडुलकर. पनेसरने नंतर तो चेंडू तेंडुलकरकडे नेऊन त्यावर त्याची स्वाक्षरी घेतली, आणि तेंडुलकरने स्वाक्षरीसोबत, असे पुन्हा घडणार नाही, अशा अर्थाचा मिस्कील शेराही मारून दिला. संग्राहकाच्या दृष्टीने ही वस्तू जवळजवळ आदर्श म्हणावी लागेल, कारण प्रसंगाची वस्तू, बाद झालेल्या फलंदाजाची स्वाक्षरी आणि वस्तू कोणत्या प्रसंगाची आहे हे सांगणारा मजकूर, हे तिन्ही एकाच चामड्यावर आले आहे. नुसती स्वाक्षरी असलेले चेंडू मात्र दुकानात हवे तेवढे मिळतात.

कुक पुढे १२,४७२ धावांसह कसोटीतला इंग्लंडचा सर्वाधिक धावांचा फलंदाज ठरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुलतान येथे त्याला मागे टाकले ज्यो रूटने, आणि रूटचेही कसोटी पदार्पण नागपुरातच, डिसेंबर २०१२ मध्ये जामठ्याला, कुकच्याच नेतृत्वाखाली झाले होते. त्याच सामन्यात रवींद्र जडेजाही पहिली कसोटी खेळला. खेळ म्हणून ती कसोटी कमालीची संथ आणि अनिर्णित होती, आणि तिचे तिकीट जपून ठेवावे असे त्या दिवशी फारच थोड्यांना वाटले असेल. मोल बहुधा असे मागाहून येते. पदार्पणाच्या सामन्याचे तिकीट विकत घेताना नव्या खेळाडूचे नाव कोणाच्याही गावी नसते, म्हणून ते जपले जात नाही, आणि जपले जात नाही म्हणूनच पुढे ते दुर्मीळ होते.

दुर्मीळपणाइतकाच महत्त्वाचा असतो तो एका सामन्यात किती टप्पे सामावले आहेत हा प्रश्न. नोव्हेंबर २००८ मधली ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी ही जामठ्याची पहिली, सौरव गांगुलीची शेवटची आणि व्ही. व्ही. एस. लक्ष्मणची शंभरावी होती. तेंडुलकरचे चाळिसावे कसोटी शतक तिच्यातच झाले आणि जेसन क्रेझा या ऑस्ट्रेलियन फिरकी गोलंदाजाने पदार्पणात बारा बळी घेतले. याच मैदानावर १२ मार्च २०११ रोजी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध विश्वचषकात तेंडुलकरने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधले ९९ वे शतक केले. शंभराव्याची चर्चा इतकी झाली की नव्याण्णवावे झाकोळले गेले. गोल आकड्यांचे हे वेड बाजार पुरेपूर पाळतो, त्यात तर्क थोडा आणि सवय फार.

या सर्वांच्या मुळाशी असलेली अट म्हणजे वस्तूचा माग. वस्तू प्रसंगाच्या क्षणापासून आजच्या मालकापर्यंत कोणकोणाच्या हातून आली, याची कागदोपत्री, तुटक नसलेली साखळी म्हणजे माग. बेसबॉलच्या प्रमुख संघटनेने बनावट वस्तूंच्या सुळसुळाटानंतर २००१ पासून प्रत्येक सामन्याला साक्षांकन करणारा माणूस बसवण्याची पद्धत सुरू केली, जो चेंडू वा पोशाख डोळ्यांसमोर असतानाच त्यावर क्रमांकाची, काढू गेल्यास फाटणारी चकचकीत पट्टी चिकटवतो. त्याआधीच्या काळातल्या बहुतेक वस्तूंच्या, आणि क्रिकेटमध्ये तर आजही बहुसंख्य वस्तूंच्या बाबतीत, तपासणी उलट्या दिशेने, म्हणजे हातातल्या वस्तूपासून मागे प्रसंगाकडे जात, करावी लागते.

नागपूरचाच दाखला घेतला तर ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी जुन्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने केन रदरफोर्ड, इयन स्मिथ आणि यूअन चॅटफील्ड यांचे सलग तीन चेंडूंवर त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅट-ट्रिक होती. त्याच सामन्यात सुनील गावसकरने अंगात ताप असताना ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा काढून एकदिवसीय कारकिर्दीतले एकमेव शतक पूर्ण केले. पहिले आणि एकमेव असे दोन शब्द एकाच दिवशी लागू पडावेत, हा योग विरळाच. त्या सामन्यातली म्हणून कोणी आज वस्तू पुढे केली तर जाणकार आधी काही साधे प्रश्न विचारील. ती स्पर्धा पांढऱ्या पोशाखात आणि लाल चेंडूने खेळली गेली, रंगीत कपडे विश्वचषकात आले ते १९९२ मध्ये. तेव्हा पांढरा चेंडू किंवा निळी जर्सी समोर आली, की तिच्यावर कितीही सुंदर स्वाक्षऱ्या असोत, बोलणे तेथेच थांबते. एका डावाला तेव्हा एकच चेंडू वापरत, त्यामुळे हॅट-ट्रिकचा चेंडू आणि डावाचा चेंडू वेगळे असूच शकत नाहीत. मग त्यावर उरलेल्या षटकांच्याही खुणा दिसायला हव्यात, शिवण दबलेली आणि चामडे खरवडलेले असायला हवे. याउलट नवाकोरा, चकाकणारा चेंडू म्हणजे फार तर मागाहून स्वाक्षरी घेतलेली आठवण होय, आणि तशी ती विकली तर त्यात गैर काही नाही.

ही काळजी न घेतल्यास काय होते, याचे उदाहरण थोर अष्टपैलू गारफिल्ड सोबर्सच्या नावाशी जोडलेले आहे. १९६८ मध्ये स्वान्सी येथे त्याने माल्कम नॅशच्या एका षटकात सहा षटकार मारले. त्या षटकातला म्हणून एक चेंडू २००६ मध्ये लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहात २६,४०० पौंडांना गेला. नंतर असे पुढे आले की विकलेला चेंडू ड्यूक कंपनीचा होता, तर ज्याने तो टाकला त्या नॅशच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशीचा चेंडू सरिज कंपनीचा होता. २०१२ मध्ये तोच चेंडू दुसऱ्या लिलावगृहात विक्रीला आला तेव्हा तो यादीतून मागे घ्यावा लागला. प्रमाणपत्र होते, नामांकित लिलावगृह होते, आणि तरीही चेंडूवरचा छाप कोणी सामन्याशी ताडून पाहिला नव्हता.

बॅटीच्या बाबतीत हे ताडणे आता सोपे झाले आहे. विलोच्या लाकडातल्या उभ्या रेषा प्रत्येक बॅटीत वेगळ्या असतात, त्यामुळे सामन्यातल्या स्पष्ट छायाचित्राशी रेषा, स्टिकरचा तिरपेपणा, कडेचा टवका आणि चेंडूचे लाल डाग जुळवता येतात. ओळख पटलेल्या बॅटी किती लांब प्रवास करतात हेही पाहण्यासारखे आहे: पाकिस्तानच्या अझर अलीने २०१६ मध्ये दुबईत वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद ३०२ धावा केल्या, दिवस-रात्रीच्या कसोटीतले ते पहिले त्रिशतक, २०२० मध्ये करोनाग्रस्तांच्या मदतीसाठी त्याने ती बॅट लिलावात काढली आणि ती दहा लाख पाकिस्तानी रुपयांना घेतली पुण्याच्या ब्लेड्स ऑफ ग्लोरी या क्रिकेट संग्रहालयाने.

अशा मदतीच्या लिलावातला आकडा बाजारभाव म्हणून वाचू नये. २ एप्रिल २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यातली महेंद्रसिंह धोनीची बॅट लंडनमध्ये एक लाख पौंडांना गेली, शेन वॉर्नची टोपी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणवाग्रस्तांसाठी दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर ओलांडून गेली. दोन्हीकडे बोली वस्तूसाठी होती तितकीच दानासाठीही होती. निव्वळ व्यापारी लिलावातही दोन आकडे असतात: हातोडा पडतो ती बोली, आणि तिच्यावर लिलावगृहाचे शुल्क चढवून ग्राहक प्रत्यक्ष मोजतो ती रक्कम. १९४७-४८ मध्ये भारताविरुद्ध डॉन ब्रॅडमनने वापरलेली हिरवी टोपी डिसेंबर २०२४ मध्ये सिडनीत विकली गेली तेव्हा पहिला आकडा ३ लाख ९० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होता आणि दुसरा जवळजवळ ४ लाख ८० हजार. वर्तमानपत्रे बहुधा मोठा आकडा छापतात, आणि घरात टोपी असलेला माणूस तोच आपल्याला मिळेल असे धरून चालतो. त्याच दौऱ्यावर गेलेले महाराष्ट्राचे रंगा सोहोनी यांना ब्रॅडमनने भेट दिलेली अशीच एक टोपी त्यांच्या कुटुंबाने तीन पिढ्या कुलपात ठेवली. घरातल्यांनाही ती वयाच्या सोळाव्या वर्षी, तीही पाच मिनिटेच पाहायला मिळे, असे २०२६ च्या जानेवारीत ती लिलावात आली तेव्हा सांगण्यात आले. ही कडक शिस्त हास्यास्पद वाटली, तरी टोपीचा रंग आणि माग दोन्ही तिने टिकवले.

नागपूरच्या हवेत ही शिस्त आणखी लागते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसावर गेला की विलो चिरफळते, पावसाळ्यात चामड्यावर बुरशी धरते, आणि कागदाला वाळवी लागते ती वेगळीच. अलीकडची बरीच तिकिटे उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असतात, म्हणजे तव्यासारख्या तापलेल्या लोखंडी कपाटात ती ठेवली तर काही वर्षांत त्यांच्यावरचा मजकूर दिसेनासा होतो. ती आम्लरहित कागदात, अंधारात आणि थंड जागी ठेवावीत. आपल्याकडे मौल्यवान कागद हाती आला की झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेशन करण्याची रीत आहे. ते पुन्हा सोडवता येत नाही आणि संग्राहकाच्या लेखी तो कागद तेव्हाच खराब झाला. स्वाक्षरी असलेल्या बॅटीला जवसाचे तेल चोळणे हाही तसाच हौशी अपघात. जुने बंगले पाडून त्यांच्या जागी फ्लॅट स्कीम उभ्या राहताना माळ्यावरच्या वस्तू कबाड्याकडे जातात, तेव्हा वस्तूपेक्षाही, ती कोणी कोठून आणली हे सांगणारे पत्र, पावती किंवा मैदानात काढलेले छायाचित्र आधी हरवते.

शहराचा सर्वांत थोर क्रिकेटपटू मात्र या हिशेबात वेगळ्याच वळणावर येऊन उभा आहे. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडू यांनी डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईत एमसीसी या इंग्लिश पाहुण्या संघाविरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावा ठोकल्या आणि त्या संघाने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. शंभर वर्षे पूर्ण झालेल्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो. भारतीय क्रिकेटच्या सुरुवातीच्या पिढीची पदके, करंडक आणि बॅटी आता एकेक करून या शंभरीत शिरू लागल्या आहेत, तेव्हा त्या काळातली वस्तू विकत घेणाऱ्याने तिच्या मागाबरोबर तिचे वयही कागदावर मागून घ्यावे.