नाताळचें ताट

मराठींतला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’ या शब्दापासून आला, आणि त्याचें मूळ जन्मवाचक लॅटिन शब्दांत आहे. नांव समुद्रापलीकडून आलें म्हणून सणहि परकाच राहिला असेल, असा समज सहज होतो. ख्रिस्ती वस्तीपासून दूर राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढें नाताळ म्हटला कीं बर्फ, सूचिपर्णी झाड आणि पांढऱ्या दाढीचा म्हातारा उभा राहतो. यांतील झाड जर्मनीचें. इंग्लंडच्या राजघराण्यानें त्याला एकोणिसाव्या शतकांत प्रतिष्ठा दिली आणि मग तें जगभर गेलें. गोव्यांतील जुन्या ख्रिस्ती घरांत मात्र नाताळची आठवण विचारली, तर झाडाची गोष्ट क्वचितच निघते. निघते ती चुलीची, माडाच्या गुळाच्या वासाची आणि हात भरून येईपर्यंत ढवळलेल्या दोदोलाची.

दोदोल हें पक्वान्न पाहण्यास साधें, पण करण्यास कठीण. तांदळाचें पीठ, नारळाचें दूध आणि माडाचा काळा गूळ हीं तीन द्रव्यें मोठ्या भांड्यांत एकत्र करून मंद आंचेवर ठेवतात. पुढें कांहीं तास हात थांबवून चालत नाहीं. थांबला कीं बुडाला लागलें. मिश्रण जसजसें आटतें तसतसें तें जड होत जातें, आणि शेवटीं नारळाचें तेल कडेनें सुटूं लागलें, म्हणजे तें ताटांत ओतून थापतात. एकट्या बाईचें हें काम नव्हे. म्हणून दोदोलाच्या दिवशीं जावा, नणंदा आणि शेजारणी एकत्र येतात, आणि वर्षभर न बोललेल्या गोष्टी त्या चुलीपुढें बोलल्या जातात. हेंच पक्वान्न, याच नांवानें, जावा आणि मलायांतहि करतात. एकाच समुद्राच्या कांठच्या लोकांना नारळ, तांदूळ आणि गूळ यांचें हें एकच गणित सुचावें किंवा एकमेकांकडून मिळावें, यांत नवल नाहीं.

बेबिंक हें याहूनहि चिकाटीचें. अंड्याचा बलक, नारळाचें दूध, साखर आणि पीठ यांचा एक थर ओतावयाचा, वरून निखाऱ्यांची आंच देऊन तो भाजावयाचा, तूप सोडावयाचें आणि मगच दुसरा थर. घाई करणाराचें बेबिंक कापतांच ओळखूं येतें. मुलांच्या वांट्याला येतात ते कुलकुल. कणकेची लहान गोळी फणीवर किंवा कांट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळली कीं शिंपल्यासारखा आकार होतो. मुलांचें लक्ष आकारापेक्षां कच्ची कणीक चोरून खाण्याकडे अधिक असतें, हें सांगावयास नकोच.

ताटांतील चौथा पदार्थ नेवरी. ही म्हणजे आपली करंजी. खोबरें, साखर, तीळ, वेलदोडा, सारें तेंच. चतुर्थीला हिंदु घरांत जी होते, तीच नाताळला ख्रिस्ती घरांत होते. ही गोष्ट वाटते तितकी सामान्य नाहीं. गोव्यांत १५६० सालीं धर्मन्यायालय स्थापन झालें आणि तें १८१२ सालीं कायमचें बंद झालें. १७३६ सालच्या त्याच्या फर्मानानें धर्मांतरित ख्रिस्त्यांना धोतर नेसण्याची, चोळी घालण्याची आणि घरीं तुळस लावण्याची बंदी केली. पूर्वजांच्या चालीरीतींचा मागमूस राहूं नये, हा त्याचा हेतु होता. अंगणांतली तुळस उपटतां येते. हाताला लागलेली करंजी मुरडण्याची संवय तशी उपटतां येत नाहीं. ती स्वयंपाकघरांत राहिली आणि नव्या देवाच्या जन्मदिवशीं ताटांत येऊन बसली.

गोठ्याच्या देखाव्याचेंहि तसेंच. असिसीच्या संत फ्रान्सिसानें १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्चो गांवीं ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, तेव्हांपासून ही प्रथा वाढली. गोव्यांतील मुलें त्या देखाव्याभोंवतीं हिरवें शेत दिसावें म्हणून आधींच नाचणी किंवा गहूं पेरून ठेवतात. नवरात्राचे घट पाहिलेल्या माणसाला ते कोंवळे अंकुर ओळखीचे वाटल्यावांचून राहणार नाहींत. दारावरचा ताराहि बांबूच्या कामट्यांचा व रंगीत कागदाचा. आकाशकंदिलाचा तो सख्खा भाऊ. अलीकडे प्लॅस्टिकचे तारे बाजारांत मिळतात आणि मिठाईहि दुकानांतून येते. वेळ वांचतो खरा. पण चुलीपुढचें बोलणें दुकानांत विकत मिळत नाहीं.

पोटासाठीं गोवा सोडलेल्यांची कथा निराळी. खलाशी, आचारी आणि वादक मुंबईस आले, तेव्हां गांवोगांवच्या लोकांनीं धोबी तलावासारख्या भागांत आपापल्या गांवाच्या ‘कुडी’ उभारल्या. एक खोली, भिंतीकडेला ओळीनें लोखंडी पेट्या आणि एका टोकाला वेदी, असें त्यांचें रूप. बोटीवरची नोकरी नाताळ पाहून सुट्टी देत नसे. दोदोल कांहीं दिवस टिकतो, या त्याच्या गुणाची खरी किंमत अशा माणसांनाच कळे. गांवाहून येणाऱ्या सोबत्याच्या पेटींत तो येई.

मध्यरात्रीची प्रार्थना आटोपली, दिवस उजाडला, म्हणजे ताटें निघतात. या ताटाला ‘कोन्सुआद’ म्हणतात. पोर्तुगालांत हा शब्द नाताळच्या आदल्या रात्रींच्या जेवणाला लावतात. गोव्यांत तो शेजाऱ्याकडे पाठवावयाच्या मिठाईला लागला. ताटावर विणलेला रुमाल घालून मुलें तें घरोघर पोंचवितात, ख्रिस्त्यांकडे आणि हिंदूंकडेहि. चतुर्थी-दिवाळीला उलट दिशेनें ताट आलेलें असतेंच.

ज्या घरांत त्या वर्षीं मृत्यु झाला असेल, तेथें नाताळला गोड करीत नाहींत. दिवाळीला आपल्याकडेहि हीच रीत आहे. अशा घरची चूल थंड असली तरी शेजारची बाई आपलें ताट तेथें न चुकतां धाडते. घरांतलीं मोठीं माणसें ताट घेऊन बाजूला ठेवतात. मुलें मात्र रुमाल उचलून नेवऱ्या मोजूं लागतात, आणि त्यांना कोणी रागें भरत नाहीं.