छोट्या मुलांना घेऊन अंदमानला जाताना : बेटाचं घड्याळ वेगळं असतं



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्या दिवशी मी वर्गात हमखास विचारते, "सुट्टीत काय काय केलंत?" यंदा हाच प्रश्न घरी माझ्या मुलाला विचारला. तो दुसरीत आहे, धाकटी चार वर्षांची. आम्ही सहा दिवस अंदमानला जाऊन आलो होतो. विमान, बोट, सेल्युलर जेल, निळा समुद्र, एवढं सगळं दाखवलं आणि पठ्ठ्याचं उत्तर काय? "मी खेकड्याचं घर परत ठेवलं."

त्याच्या या उत्तरामुळेच हा लेख लिहायला घेतला. अंदमानला निघालेले पालक हल्ली बरेच भेटतात आणि सगळे एकच विचारतात, "सहा दिवसांत काय काय पाहून होईल?" लहान मुलं सोबत असतील तर हा प्रश्नच बदलायला हवा. का, ते सांगते.

१. सूर्य लवकर बुडतो

मुंबई साधारण ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) साधारण ९३ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर २० अंशांना ८० मिनिटं. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच, भारतीय प्रमाणवेळेचं. त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे सकाळी सव्वापाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि संध्याकाळी पाच वाजायच्या आत मावळतोसुद्धा!

आम्ही पहिल्या दिवशी घरच्या सवयीने चार वाजता चहा घेऊन निवांत निघालो. किनाऱ्यावर पोचून मुलांनी वाळूत हात घालेपर्यंत अंधारायला लागलं. धाकटीने भोकाड पसरलं. चूक तिची नव्हती, आमच्या वेळापत्रकाची होती. दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला समुद्रावर, नऊ-साडेनऊला परत, दुपारी जेवण आणि झोप, तीन वाजता पुन्हा पाणी, असा क्रम ठेवला. साधारण दहा ते तीन या वेळातलं ऊन टाळायचंच. पांढऱ्या वाळूवरून आणि पाण्यावरून ऊन परावर्तित होतं, त्यामुळे टोपी असली तरी चेहरा भाजतो. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टोपी, दर थोड्या वेळाने पाणी आणि पिशवीत ओआरएसची पाकिटं, एवढं हवंच.

२. समुद्राचं वेळापत्रक विचारून घ्या

भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी येते आणि ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. पुस्तकात हे आपण शिकवतो, पण सहल आखताना विसरतो. नील बेटावर (आताचं शहीद द्वीप) लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो. भरतीच्या वेळी गेलात तर मुलांना नुसतं चालवून आणल्यासारखं होतं. हॉटेलवाल्याला किंवा रिक्षावाल्याला आदल्या रात्री विचारा, "उद्या ओहोटी किती वाजता?"

ओहोटीला खडकांमध्ये लहान लहान डबकी उरतात. त्यात मासे, समुद्रकाकडी, खेकडे दिसतात. मुलांसाठी याहून चांगलं संग्रहालय नाही, आणि तिकीटही नाही! फक्त पायात मागे पट्टा असलेली घट्ट सँडल हवी, कारण मेलेलं प्रवाळ काचेसारखं कापतं. हात मात्र कशालाच लावायचा नाही.

३. हातभर अंतर

आता जे घडलं ते प्रामाणिकपणे सांगते. हॅवलॉकच्या (स्वराज द्वीप) राधानगर किनाऱ्यावर धाकटी घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. मी दोन पावलं मागे. मुलाचा फोटो काढायला वळले. हे शेजारीच होते, त्यांना वाटलं मी बघतेय, मला वाटलं हे बघतायत. एक लाट नेहमीपेक्षा मोठी आली, लेक आडवी झाली आणि परतणाऱ्या पाण्याबरोबर घसरत गेली. आवाज काहीच नाही. ह्यांनी झडप घालून उचललं. सगळं मिळून तीन-चार सेकंद झाले असतील. नाकातोंडात पाणी गेलं होतं, ते खोकून बाहेर आलं, बाकी काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

शाळेच्या सहलीत मी दर अर्ध्या तासाला मुलं मोजते. स्वतःच्या दोन मुलांच्या वेळी मात्र मोजायचं राहिलं.

बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, हे सगळ्यांनी मनात कोरून ठेवा. त्याला श्वास घ्यायलाच वेळ नसतो, तर हाक कुठून मारणार? म्हणून आम्ही त्या दिवसापासून पाळी लावली. ज्याची पाळी त्याच्या हातात मोबाईल नाही आणि मूल हात लांबवून धरता येईल एवढ्या अंतरावर. पाळी बदलताना तोंडाने म्हणायचं, "आता तू बघ," आणि समोरच्याने "हो" म्हणायचं. फुगवायच्या रिंगणावर विसंबू नका, वाऱ्याने ते मुलासकट आत सरकतं. अंदमानात काही ठिकाणी खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. तसा फलक दिसला किंवा जीवरक्षकाने शिटी मारली तर वाद घालायचा नाही, बाहेर यायचं.

लेक पुढचे दोन दिवस पाण्याजवळ गेली नाही. नातेवाईकांचे फोनवर सल्ले, "एकदा आत टाका, भीती जाईल." आम्ही ऐकलं नाही. ती वाळूत खड्डे करत बसली. तिसऱ्या दिवशी ओहोटीच्या एका डबक्यात स्वतःहून एक पाय घातला, मग दुसरा. वर्गात वाचनाला घाबरणारं मूल असंच असतं ना? ढकललं की आणखी मागे जातं.

४. खेकड्याचं घर

तिसऱ्या दिवशी मुलाच्या खिशात शंख सापडला. खोलीत ठेवला तर तो चालायला लागला! आत शंखवासी खेकडा होता. या खेकड्याचं पोट मऊ असतं, म्हणून तो रिकाम्या शंखात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. आपण रिकामे शंख गोळा करून आणतो तेव्हा त्याची उद्याची घरंच उचलून आणतो. हे सांगितल्यावर पोरगं स्वतःच म्हणालं, "चल, परत ठेवू."

प्रवाळाचं तर याहून कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही बॅगेत घालून आणता येत नाही. "एकच तर आहे" असं म्हणून आपणच बॅगेत टाकला तर मूल कायदा शिकत नाही, पळवाट शिकतं.

५. काय वगळावं

आम्ही बारातांगची सहल सोडली. पहाटे अंधारात निघून दिवसभर प्रवास, चार वर्षांच्या मुलीला ते झेपलं नसतं. शिवाय तो रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. तिथे थांबणं, फोटो काढणं, खाऊ देणं, सगळ्याला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. मुलांना माणसं "बघायला" नेऊ नये.

सेल्युलर जेल मात्र वगळलं नाही, कारण आपल्याकडे सावरकरांमुळे तिथली ओढ मोठी. मध्यवर्ती मनोऱ्याभोवती सात इमारती होत्या, आज तीन उरल्यात. लहान मुलांना छळाची वर्णनं ऐकवू नका. आम्ही मुलाला एका कोठडीत उभं करून विचारलं, "इथे एकट्याला ठेवलं तर कोणाशी बोलशील?" तो बराच वेळ गप्प होता. एवढं पुरे. रात्रीचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम मोठी मुलं असतील तरच बघा.

थोडक्यात तयारी

• मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल तर लक्षात ठेवा, नैऋत्य मान्सून केरळच्या आधी अंदमानात पोचतो. दिवाळीतही पाऊस आणि वादळाची शक्यता असते. एक दिवस मोकळा ठेवा, बोट रद्द होऊ शकते.
• बोटीत मळमळत असेल तर मधोमध बसा, मोबाईल बंद, नजर लांब क्षितिजावर. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. औषध डॉक्टरांना विचारूनच.
• विमान उतरताना मुलांना काही तरी गिळायला द्या, कान दुखत नाहीत.
• दशम्या, मेतकूट, कोरडा चिवडा घ्या. ओळखीची चव मिळाली की मूल निम्मं शांत होतं.
• थोडी रोख रक्कम जवळ असू द्या आणि मुलांचे ओळखीचे कागद विसरू नका.

वर्गासाठी

शिक्षकांना एक विनंती. वर्गातली बहुतेक मुलं अंदमानला जाणार नाहीत, म्हणून तिथल्या फोटोंचं प्रदर्शन भरवू नका. पाचवीच्या पुढे रेखांशाचं गणित द्या, "मुंबईत सूर्य मावळतो तेव्हा पोर्ट ब्लेअरला अंधार पडून किती वेळ झाला?" हिशोबात साधारण ८० मिनिटं येतील, प्रत्यक्षात दिवस लहान-मोठा असल्याने थोडा फरक पडतो, तोही बोलता येतो. भरती-ओहोटी आणि खेकड्याचं घर तर आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही आहे, मालवणला, हर्णैला, अलिबागला. एक दिवसाची सहलही पुरते.

निघताना मी मुलांसाठी पंधरा ठिकाणांची यादी केली होती. पाहिली सात. राहिलेल्या आठांबद्दल मुलांनी आजवर एकदाही विचारलेलं नाही.

तुमचा अनुभव जरूर कळवा.