मांडीचं हाड आणि तीन महिन्यांची खाट

ग्वाल्हेरच्या दाल बाजारात पोती पल्लेदारांच्या पाठीवरून उतरतात. थप्पी घसरून पायावर आली, तर शरीरातलं सर्वांत लांब हाड मोडू शकतं आणि लिटरभर रक्त आतल्या आत मांडीत साचू शकतं. लष्कर भागातलं जयारोग्य रुग्णालय तिथून फार दूर नाही. त्याला जोडलेलं गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ साली सुरू झालं. त्या काळात अशा रुग्णाच्या वाट्याला बहुधा खाटच यायची. पाय ताणून स्थिर धरणाऱ्या थॉमस स्प्लिंटनं पहिल्या महायुद्धात असंख्य जीव वाचवले होते. पण हाड जुळेपर्यंत पायाला वजन लावून तीन-तीन महिने पडून राहावं लागे. पाठीला जखमा होत, गुडघा आखडे, पाय आखूड राही. रोजंदारीवरच्या घराची या काळात काय दशा होत असेल, हे कुठल्याच केसपेपरवर लिहिलेलं नसतं.

खरं तर उत्तर तेव्हा सापडलेलं होतं. जर्मनीतल्या कील शहरात गेर्हार्ड क्युन्चर यांनी १९३९ मध्ये हाडाच्या पोकळीत पोलादी सळई घातली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या ताब्यात असलेले युद्धकैदी सुटून परतले, तेव्हा त्यांच्या मांडीतली सळई एक्स-रेत पाहून दोस्तराष्ट्रांचे डॉक्टर थक्क झाले. मात्र चुरा झालेलं हाड त्या सळईभोवती फिरे, आखूड होई. १९७०च्या दशकात सळईला वर-खाली आडवे स्क्रू बसवून ती जखडण्याची पद्धत रुळू लागली. शस्त्रक्रियेवेळी एक्स-रे दाखवणाऱ्या सी-आर्म यंत्रामुळे मोडलेली जागा न उघडता सळई घालणं सोपं झालं. माझ्या मते या साऱ्या प्रवासातली सर्वांत मोठी झेप हीच: रुग्ण लवकर उठून बसू लागला.

सळई हाच प्रत्येकाचा उपाय नव्हे. गुडघ्याजवळचं हाड मोडलं तर अनेकदा प्लेट लागते, लहान मुलांना लवचीक सळया चालतात, उघड्या, मातीनं भरलेल्या जखमेला आधी बाहेरून फ्रेम लावावी लागते. खुब्याच्या मानेचं हाड मोडून सरकलं असेल, तर तरुणाचं हाड स्क्रूंनी वाचवायचा प्रयत्न होतो. वृद्धांचा सांधा अर्धा किंवा पूर्ण बदलतात.

खर्चाचं म्हणाल, तर २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. म्हणून कळकळीनं सांगते, मोडलेली मांडी चोळू नका, ओढू नका. पाय फळीला बांधून थेट रुग्णालय गाठा. आजी न्हाणीघरात पडून खुबा मोडला असेल, तर ‘या वयात कशाला ऑपरेशन’ म्हणून थांबू नका. प्रकृती झेपणारी असेल तर दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून घ्या.