हेडफोन बदलायचा, की आधी कान तपासायचा?

मागच्या पावसाळ्यात गंजाडचा एक 26 वर्षांचा तरुण माझ्याकडे आला. उजव्या कानाला खाज येत होती. तपासणी संपता संपता त्याने विचारले, "डॉक्टर, महागातला हेडफोन घेतला, तरी पूर्वीसारखी मजा येत नाही. आता ॲम्प्लिफायर घेऊ का?"

एका वर्षात घेतलेला हा त्याचा तिसरा हेडफोन होता. त्याच्या फोनमध्ये मामाने वाजवलेल्या तारप्याचे रेकॉर्डिंग होते. तो म्हणाला, तारपा नीट ऐकू येतो, पण नाचातल्या घुंगरांच्या काठीचा नाद आता येतच नाही; नवे हेडफोन सगळे बोदे निघतात. ऐकताच मला शंका आली. तारप्याचा सूर जाड, घुंगरांचा नाद बारीक. मोठ्या आवाजाने कान खराब होऊ लागला की आधी हे बारीक आवाज जातात.

तपासणीत दोन गोष्टी सापडल्या. उजव्या कानात मळ आणि त्यावर बुरशी होती. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, हे नेहमीचेच. दुसरी गोष्ट श्रवणचाचणीच्या आलेखात दिसली. दोन्ही कानांची रेघ 4000 हर्ट्झजवळ खाली गेली होती. गोंगाटाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण. वसईला पत्रा कापायच्या कारखान्यात आठ तास काम, आणि जाता-येता डहाणू रोडच्या लोकलमध्ये दीड-दीड तास कानात गाणी, असा त्याचा दिवस होता.

आधी पाच मिनिटांची, फुकटातली परीक्षा

एका बाजूने आवाज कमी येत असेल तर डावा तुकडा उजव्या कानाशी आणि उजवा डाव्या कानाशी धरून बघा. नीट बसणार नाही, पण अंदाज येईल. कमी आवाज तुकड्याबरोबर दुसऱ्या कानाला गेला, तर दोष तुकड्यात आहे किंवा फोनमधल्या डाव्या-उजव्या आवाजाच्या सेटिंगमध्ये. पुष्कळदा तुकड्याच्या जाळीत मळच अडकलेला असतो. कोरड्या मऊ ब्रशने जाळी खाली धरून झाडा. तुकडे बदलूनही त्याच कानाला कमी येत असेल, तर दुकानात नव्हे, डॉक्टरकडे जा.

कानात काडी, पिन किंवा कापसाची कांडी घालू नका. मळ आणखी आत ढकलला जातो. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल, तर कुणी सांगितले म्हणून तेलही घालू नका.

पैसे कुठून खर्च करायला लागायचे?

गाण्याची फाइल, फोन, त्यातले डिजिटल आवाजाचे रूपांतर करणारे सर्किट म्हणजे डॅक, ॲम्प्लिफायर, हेडफोन, त्याची रबरी टोपी आणि शेवटी तुमचा कान, या वाटेने आवाज येतो. जाहिराती पहिल्या टोकापासून बोलतात. मी रुग्णांना शेवटच्या टोकापासून सुरुवात करायला सांगतो.

कानानंतर पहिला खर्च टोपीचा, आणि तो सगळ्यात कमी आहे. कानात घालायच्या इयरफोनबरोबर लहान, मध्यम, मोठ्या टोप्या येतात. बहुतेक जण आधीपासून बसवलेली मध्यमच वापरतात. टोपी सैल असेल तर जाड आवाज फटीतून निसटतो आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो. आपल्याला वाटते इयरफोन कमजोर आहे, म्हणून आपण आवाज वाढवतो. दोन्ही कानांना वेगवेगळ्या मापाची टोपी लागणेही अगदी शक्य आहे. फोमची टोपी दाबून घातली की आत फुलून कान बंद करते. अशी नीट बसलेली टोपी बाहेरचा आवाज 15 ते 25 डेसिबलपर्यंत अडवू शकते.

ही बचत किती मोठी आहे ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांनी 80 डेसिबलला आठवड्यात 40 तास ऐकलेले चालते. दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि चालणारा वेळ निम्मा. म्हणून 85 डेसिबलला साडेबारा तास उरतात आणि 90 ला फक्त 4. या तरुणाचे लोकलमधले ऐकणे आठवड्याला 18 तास होते. खडखडाटावर मात करायला तो आवाज 90 च्या पुढे नेत असणार, आणि कारखान्यातले आठ तास त्याशिवाय. कान दिवसभराची बेरीज करतो. मशीनचा आवाज वेगळा आणि गाण्याचा वेगळा असे तो धरत नाही.

म्हणून रोज रेल्वेने जाणाऱ्याने हेडफोनच बदलायचा ठरवला, तर गोंगाट कमी करणारा घ्यावा. इंजिन, पंखा, रुळांची घरघर असे एकसुरी जाड आवाज तो चांगले कापतो. माणसांचे बोलणे तितके नाही. मात्र रूळ किंवा रस्ता ओलांडताना आणि मोटरसायकलवर तो कानावर नको. यात माझी तडजोड नाही.

कान वाहतो, वारंवार बुरशी होते किंवा पडद्याला भोक आहे, अशांनी कानात जाणारे इयरफोन टाळून कानावरून बसणारा हेडफोन घ्यावा. घरात एकच इयरफोन सगळ्यांनी वापरू नये.

आता डॅक आणि ॲम्प्लिफायर. 16 ते 32 ओहमचे नेहमीचे हेडफोन बहुतेक फोन सहज चालवतात. 250-300 ओहमचे, स्टुडिओसाठी बनवलेले हेडफोन असतील तरच वेगळ्या ॲम्प्लिफायरची खरी गरज पडू शकते. बाकीच्यांना त्यातून मुख्यतः मिळतो तो जास्त मोठा आवाज, आणि नेमका तोच नको आहे. महागड्या 'हाय रिझोल्यूशन' फाइलींचेही तसेच. माणसाचा कान लहानपणी फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो, पुढे वयाबरोबर ही मर्यादा खाली येते. जुन्या सीडीतही त्याच्या थोडे पलीकडचे मावते. छंद म्हणून घ्यायचे तर घ्या, पण आवाज 'बोदा' वाटतो म्हणून घेऊ नका.

इक्वलायझरमध्ये बारीक आवाजाची पट्टी दरवर्षी थोडी वर सरकवावी लागते का? गर्दीत समोरचा 'सात' म्हणाला की 'साठ' ते कळत नाही का? घरचे म्हणतात का, टीव्ही फार मोठा लावता? मग आधी श्रवणचाचणी करून घ्या. आतल्या कानाच्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोणतेही औषध किंवा हेडफोन त्या परत आणत नाही.

थांबू नका

एका कानाचे ऐकणे अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत कमी झाले, तर मळ असेल म्हणून वाट पाहू नका. ही तातडीची बाब आहे. आतल्या कानाचा दोष असेल तर उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाल्यास सुधारणेची शक्यता जास्त असते. कान दुखणे, वाहणे, चक्कर किंवा एकाच कानात सतत शिटी वाजणे, यांसाठीही लवकर दाखवा. जवळच्या आरोग्य केंद्रात कान बघून पुढे कुठे जायचे ते सांगतील. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणचाचणीची सोय आहे.

त्या तरुणाचा उजवा कान साफ करून बुरशीचे औषध दिले. दोन आठवड्यांनी त्या कानाचा आवाज पुष्कळ भरून आला. 4000 ची खाच मात्र तशीच राहिली. ॲम्प्लिफायर त्याने घेतला नाही. फोमच्या टोप्यांची एक जोडी घेतली आणि कारखान्यासाठी कानात घालायची बोंडे. मामाचे रेकॉर्डिंग आता तो रात्री घरी, सगळे निजल्यावर ऐकतो. घुंगरे थोडी ऐकू येतात म्हणाला, उजवीकडून जरा जास्त. सहा महिन्यांनी पुन्हा चाचणीला बोलावले आहे.