हरलेल्या दाव्याची दुसरी पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी मराठीत म्हण आहे. परंतु जो नाइलाजाने ती चढला आणि हरून परतला, त्याने वरच्या न्यायालयाची पायरी चढावी की नाही, याविषयी ही म्हण मौन पाळते.

जयपूरच्या आदर्श नगरातील एखाद्या किराणा दुकानात नोकराच्या हातून तेल सांडले, ते कोणी पुसले नाही, आणि त्यावरून घसरून गिऱ्हाइकाचे हाड मोडले, अशी कल्पना करावी. गिऱ्हाइकाने मालकावर नुकसानभरपाईचा दावा लावला व दिवाणी न्यायालयाने तो फेटाळला. आपल्यावर अन्याय झाला, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. पण नुसत्या या भावनेवर अपील उभे राहत नाही. निकालात चूक कोठे झाली, हे नेमके दाखवावे लागते.

म्हणून प्रथम निकालपत्र बारकाईने वाचावे. हयगयीच्या दाव्यात वादीला तीन गोष्टी शाबीत कराव्या लागतात: प्रतिवादीवर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते त्याने पाळले नाही, आणि त्यामुळेच इजा झाली. यांपैकी कोणती कडी न्यायाधीशांना तुटलेली दिसली, याचा शोध घ्यावा. तेल सांडलेले पाहणारा एकही साक्षीदार पुढे आला नसेल, तर अपिलात फारसे बळ नाही. वरिष्ठ न्यायालय सामान्यतः मूळ पुराव्यावरच निर्णय देते. नवा पुरावा दाखल करून घेण्याचे प्रसंग विरळा. याउलट साक्ष झाली असून ती विचारातच घेतली गेली नसेल, किंवा नोकराच्या चुकीला मालक जबाबदार नाही, असा चुकीचा कायदा लावला गेला असेल, तर अपिलाला खरी जागा आहे.

अशा अपिलाचे प्रसिद्ध उदाहरण राजस्थानातच घडले. १९५२ साली उदयपूर येथे सरकारी जीप दुरुस्तीनंतर कलेक्टरांच्या बंगल्याकडे नेली जात होती. चालकाच्या हयगयीमुळे तिची धडक बसून एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला. त्याच्या विधवा पत्नीने व लहान मुलीने दावा केला. खालच्या न्यायालयाने चालकाविरुद्ध हुकूमनामा दिला, पण राज्य सरकारला मोकळे सोडले. मायलेकींनी अपील केले. उच्च न्यायालयाने सरकारलाही जबाबदार धरून १५,००० रुपयांची भरपाई दिली. ‘राजस्थान राज्य विरुद्ध विद्यावती’ या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नोकराच्या अशा चुकीची जबाबदारी इतर कोणत्याही मालकाप्रमाणे राज्यावरही येते, असा निर्णय १९६२ साली झाला. येथे चालकाची हयगय आधीच शाबीत झाली होती. वाद उरला होता तो जबाबदारी कोणाची, एवढाच. पाया भक्कम होता, म्हणूनच वरची लढाई लढता आली.

वेळेचे बंधन मात्र कडक आहे. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत, तर उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करावे लागते. निकालाची प्रमाणित नक्कल मिळण्यास लागणारा काळ या मुदतीतून वगळला जातो. उशिराला सबळ कारण असेल, तर न्यायालय तो माफ करू शकते. परंतु त्यावर विसंबून राहणे धोक्याचे. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाने फेटाळली असेल, तर राज्य आयोगाकडे अपील करण्यास ४५ दिवसांची मुदत आहे.

पहिल्या अपिलात घडलेल्या गोष्टी व कायदा या दोहोंचा फेरविचार होऊ शकतो. दुसरे अपील मात्र उच्च न्यायालयात केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालते. तेव्हा वस्तुस्थिती तपासून घेण्याची संधी बहुधा एकदाच मिळते. अपील हरल्यास प्रतिपक्षाचा खर्चही अंगावर येऊ शकतो, हेही विसरू नये. ज्याच्यापाशी कोर्ट फी भरण्याचे साधन नाही, त्याला निर्धन म्हणून अपील करण्याची परवानगी मागता येते.

अपिलाची खरी तयारी मात्र निकालानंतर नव्हे, तर दुकानात पाय घसरतो त्याच दिवशी सुरू होते. कोणी पाहिले, डॉक्टरांनी काय लिहून दिले, खरेदीची पावती कोठे आहे, हे त्याच दिवशी टिपून ठेवणारा माणूस कोर्टाची पायरी चढला, तरी त्याला कोणी अडाणी म्हणणार नाही.