पिसे ते गुंदवली : मुंबईच्या पाण्याची वाट

मुंबईला दररोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. त्यातलं जवळजवळ निम्मं भातसा धरणातून येतं आणि ते उचलण्याचं काम भिवंडी तालुक्यात होतं. पिसे, पांजरापूर, येवई, गुंदवली ही नावं मुंबईकराच्या कानावर पडतात ती बहुधा पाणीकपातीच्या बातमीत. एरवी भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि गोदामंच आठवतात. पण या तालुक्याची ओळख पाण्याच्या वाटेवरचा तालुका म्हणूनही व्हायला हवी.

या वाटेचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. विहिरी आणि तलाव पुरेनात, म्हणून मुंबईने आधी साष्टी बेटावरचं पाणी आणलं : १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी. गिरण्या वाढल्या, वस्ती वाढली आणि तेही अपुरं पडलं. मेजर हेक्टर टुलॉक यांनी पुरस्कारलेली तानसा योजना १८९२ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा शहराने पहिल्यांदा खाडीपलीकडच्या पाण्याला हात घातला. शहापूर तालुक्यातलं हे दगडी धरण पावणेतीन किलोमीटरहून लांब आहे. तिथून मुंबईकडे यायचं तर भिवंडीचा मुलूख ओलांडावाच लागतो. तानसाचे पाइप इथल्या शेतांतून, माळरानांतून, गावांच्या कडेने आले.

तानसाच्या पाण्याला पंप लागत नाही. धरण उंचावर, शहर समुद्रकाठी, त्यामुळे पाणी आपल्याच उताराने वाहत येतं. पुढे ७२ इंची पोलादी वाहिन्या पडल्या, धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली, तरी हे तत्त्व बदललं नाही. १९५० च्या दशकात झालेलं वैतरणेवरचं धरणही तसंच. नगर अभियंते नानासाहेब मोदक यांच्या नावाने ते आज ‘मोदक सागर’ म्हणून ओळखलं जातं. १९७० च्या दशकात ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा त्याच मार्गाला येऊन मिळाली.

उताराचा हा हिशेब महाराष्ट्राला परका नव्हता. निजामशाहीतल्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवलं तेव्हा शहराच्या आखणीतच पाण्याची आखणी होती. डोंगराच्या पोटातलं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्यातूनच जन्मली. मुंबईचं तसं झालं नाही. इथे शहर आधी पसरलं आणि पाणी त्याच्या मागे धावत आलं. भिवंडीतून जाणाऱ्या वाहिन्या एकाच आराखड्यातल्या नाहीत. प्रत्येक वाहिनी तिच्या काळातल्या टंचाईला दिलेलं उत्तर आहे. म्हणूनच एका पाइपशेजारी दुसरा, दुसऱ्याशेजारी तिसरा असा हा मार्ग रुंदावत गेला.

भातसा मात्र वेगळी. १९८० च्या दशकापासून तिचं पाणी टप्प्याटप्प्याने मुंबईला मिळू लागलं. ते धरणापासून पाइपातून येत नाही. धरणातून सोडलेलं पाणी भातसा नदीच्या पात्रातूनच खाली येतं आणि पिसे इथल्या बंधाऱ्यावर अडवलं जातं. इथवर येईपर्यंत उतार संपलेला असतो, म्हणून ते पंपांनी उचलावं लागतं. पांजरापूरच्या केंद्रात दिवसाला १३६ कोटी लिटरहून अधिक पाणी शुद्ध करण्याची सोय आहे. तुरटीने गाळ बसवायचा, वाळूच्या थरांतून गाळायचं, क्लोरीन घालायचं आणि येवईच्या संतुलन जलाशयाकडे धाडायचं. तिथे दाब सांभाळला जातो. गुंदवलीपासून खाडीखालून खोल खडकातला बोगदा पाणी भांडुप संकुलाकडे नेतो. उघड्यावरच्या पाइपांना गळती, अतिक्रमण आणि पाणीचोरीचा त्रास होतो. बोगदा त्यातून बराचसा सुटतो.

पिसे किती नाजूक आहे हे २०२४ ने दाखवलं. फेब्रुवारीत उदंचन केंद्राच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली. मार्चमध्ये बंधाऱ्याच्या हवेवर चालणाऱ्या दारांपैकी एकाच्या रबरी पिशवीला गळती लागली. पाण्याची पातळी घसरली आणि भातसाहून जादा पाणी सोडून ती सावरावी लागली. दोन्ही वेळा मुंबईत पाणीकपात झाली. एका तालुक्यातली एक पिशवी फाटते आणि कोटभर माणसांच्या बादल्या अपुऱ्या राहतात. इतकं ज्याच्यावर अवलंबून आहे, त्या ठिकाणाची डागडुजी, तिथली पर्यायी वीज, तिथल्या कामगारांची सुरक्षा हा मुंबईच्या अर्थसंकल्पातला पहिल्या ओळीचा विषय असायला हवा.

आणि ज्यांच्या दारावरून हे पाणी जातं त्यांचं काय? २०११ च्या जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या सात लाखांवर गेली होती. यंत्रमागांमुळे बाहेरून आलेल्या कामगारांची दाटी मोठी. शहराला पाणी मिळतं ते मुख्यतः ‘स्टेम’कडून. ही यंत्रणा शहाडला उल्हास नदीचं पाणी उचलते आणि टेमघरला शुद्ध करते. जोडीला मुंबई महापालिकेचा हिस्सा आणि जुना वऱ्हाळा तलाव. तरीही अनेक वस्त्यांत नळाला पाणी कमी दाबाने येतं, टँकरची वाट पाहावी लागते. वरच्या अंगाला शहापूर तालुक्यात मुंबईला पाणी पुरवणारी धरणं आहेत, आणि तिथल्याच पाड्यांवर दर उन्हाळ्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन चालतात.

याला तांत्रिक अडचण म्हणून सोडून देता येणार नाही. शंभर किलोमीटरच्या आसपास पाणी वाहून नेणारी यंत्रणा दोन किलोमीटरवरच्या पाड्याला पाणी देऊ शकत नाही, हे मानायला मी तयार नाही. वाहिनीलगतच्या काही गावांना पाणी मिळतं, म्हणजे मार्ग आहे. प्रश्न तो किती गावांसाठी आणि कुठल्या कायद्याने, एवढाच. मेहेरबानी म्हणून मिळालेली जोडणी टंचाईच्या वर्षी सगळ्यात आधी बंद होते. हक्क म्हणून ठरलेला वाटा असा तोडता येत नाही.

गारगाई आणि पिंजाळ या पुढच्या योजना पालघर जिल्ह्यातल्या. त्यांच्या कागदावर मुंबईचे लिटर मोजले जातील, तेव्हा वाटेवरच्या गावांचे लिटर त्याच पानावर, त्याच सहीखाली मांडले गेले पाहिजेत. मलिक अंबरने शहर आणि पाणी एकत्र आखलं. आपल्याला त्यात वाटेवरची माणसंही धरायची आहेत.